काळ्या सायकलला गिअर बसवायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची रॅले माझ्याकडे आली तेव्हा ती माळ्यावर होती आणि मडगार्डवर बोटभर धूळ होती. चोवीस इंची फ्रेम, रॉडचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाकं, पुढच्या नळीवर बगळ्याचं पितळी चिन्ह. आज ती तीन गिअरवर चालते आणि मी तिच्यावरून रोज पुण्यात फिरते. सिग्नलला थांबले की कोणीतरी मागच्या चाकाकडे बोट दाखवून विचारतंच, त्यामुळे उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. घरात वडिलांची किंवा आजोबांची हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स, हिंद, ॲटलस, हिरो किंवा रॅले असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

जुन्या सायकलला गिअर बसवावेत का? मूळ रूप बिघडत नाही का?

सायकल चालवायची असेल तर जरूर बसवा. फक्त एक अट मी स्वतःला घातली होती आणि तुम्हालाही घालते: फ्रेमला कानस, ड्रिल किंवा वेल्डिंग लागता कामा नये. जे लावाल ते संध्याकाळी बसून पान्याने काढता आलं पाहिजे, आणि मूळ चाक, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र), चेन पिशवीत बांधून माळ्यावर राहिली पाहिजे. ही अट पाळली की "मूळ रूप" कुठेच जात नाही.

अपवाद आहेत. महायुद्धातली बीएसएची घडीची छत्रीधारी सायकल किंवा तेलात बुडालेल्या चेनकेसची सनबीम अशी एखादी दुर्मीळ गाडी हाताशी असेल, तर तिला हात लावू नका. रोजच्यासाठी दुसरी साधी सायकल शोधा.

सगळ्यात कमी खर्चात काय करता येईल?

मागचं फ्रीव्हील बदला. खरंच, आधी एवढंच करून बघा.

आपल्याकडच्या काळ्या सायकलला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दाते आणि मागे १८ किंवा २० असतात. ४४ आणि १८ च्या जोडीवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४६ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग येतो, म्हणजे ठीकच. पण वीस किलोची सायकल, कॅरियरवर सामान आणि समोर उड्डाणपूल आला की हाच हिशोब गुडघ्यांवर येतो. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील लावलं की एका फेऱ्याला ४.४७ मीटर होतात आणि चढ लगेच हलका वाटतो. चार दाते वाढले म्हणजे चेनच्या दोन कड्या, म्हणजे इंचभर चेन जास्त लागते. चेन घासलेली असेल तर वाढवत बसू नका, नवीच घाला.

पुढचं चेनव्हील बदलून हेच साधता येईल असं बरेच जण म्हणतात. पण जुन्या सायकलींत ते उजव्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, कायमचं दाबून बसवलेलं असतं, नुसतं चेनव्हील सुटत नाही. म्हणून बदल मागे.

काहींचं एवढ्यावरच भागतं. भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

डिरेलर लावू की हबमधले गिअर?

काळ्या सायकलला हबमधलेच. यावर मी ठाम आहे.

डिरेलर म्हणजे मागे पाच-सहा-सात चक्रं आणि चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा. त्यासाठी मागच्या चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन टोकांमध्ये, जागा लागते: पाच चक्रांच्या फ्रीव्हीलला १२० मिलिमीटर, सहाला १२६, आणि रिम ब्रेकच्या रोड सायकलींच्या कॅसेटला (चक्रांच्या जुडग्याला) १३०. आपल्या काळ्या सायकलीत आतल्या बाजूने मोजलं तर ११० च्या आसपास भरतं. शिवाय डिरेलर टांगायला कान नाही, चेन बारीक लागते, पूर्ण चेनकव्हर काढावं लागतं. आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेली उघडी चेन दर आठवड्याला पुसायची हौस सगळ्यांना नसते.

हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा. हबमधले गिअर त्या तुंब्यातच बंद असतात. चेन सरळ राहते, कव्हर राहतं. सगळ्यात मोठी सोय म्हणजे थांबल्या जागी गिअर बदलतो. सिग्नलला तिसऱ्यावर थांबलात तरी हिरवा दिवा लागायच्या आत पहिल्यावर येता येतं. गावातल्या सायकलला याहून काय हवं?

तीनच गिअर पुरतात का?

स्टर्मी-आर्चर या मूळच्या इंग्रजी कंपनीचा एडब्ल्यू नावाचा तीन गिअरचा हब १९३६ साली आला आणि त्याची आतली रचना आजही जवळपास तीच आहे. पहिला गिअर पाऊण पट, दुसरा जसाच्या तसा, तिसरा तेहतीस टक्के जास्त. आता खरी मेख अशी, की मूळचा १८ दात्यांचा हिशोब तसाच ठेवून हा हब बसवला तर एका फेऱ्याला ४.१०, ५.४६ आणि ७.२८ मीटर मिळतात. यातला तिसरा गिअर तुम्ही कधीच वापरणार नाही. काळ्या सायकलवर ताठ बसून ७.२८ मीटर ओढायला वारा पाठीमागून आणि रस्ता उताराचा लागतो. अनेकांचा हिरमोड इथेच होतो, आणि मग "तीन गिअरमध्ये काही दम नाही" असं ऐकू येतं.

मागे २२ दाते लावा. मग पहिला ३.३५, दुसरा ४.४७, तिसरा ५.९६. म्हणजे तिसरा गिअर तुमच्या जुन्या एकुलत्या गिअरपेक्षा थोडा लांब आणि सपाटीला उत्तम, दुसरा गल्लीबोळांसाठी, पहिला चढासाठी. याहून खाली मात्र जाऊ नका. पुढचे दाते मागच्यांच्या दुपटीहून कमी झाले की हबच्या आत ताण वाढतो, आणि हबच्या आतले दाते घरी बदलता येण्यासारखे नसतात.

पाच गिअरचे हबही मिळतात, स्टर्मी-आर्चरच्या आजच्या पाच गिअरवाल्यात पहिला ०.६२५ आणि पाचवा १.६ पट असतो. रोज घाट चढणाऱ्याने त्याचा विचार करावा. शहरासाठी मी तीनच सांगेन. आत भाग कमी, म्हणून बिघाडही कमी.

आत नेमकं असतं काय?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मला सर्वांत आवडतो. मधोमध एक्सलवर २० दात्यांचं चक्र कोरलेलं असतं, ते फिरतच नाही. त्याला सूर्य म्हणतात. त्याभोवती २०-२० दात्यांचे चार ग्रह फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढून ६० दात्यांचं कडं असतं. चेनने कडं फिरवलं आणि चाक ग्रहांच्या पिंजऱ्याला जोडलं तर साठ भागिले ऐंशी, म्हणजे पाऊण: हा पहिला गिअर. उलट केलं, चेन पिंजऱ्याला आणि चाक कड्याला, तर ऐंशी भागिले साठ: हा तिसरा. दुसऱ्यात कडंच चाकाला सरळ फिरवतं. केबल फक्त एक छोटा क्लच इकडून तिकडे सरकवते.

सूर्य एक्सलला घट्ट असल्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये एक्सल स्वतःच फिरायला बघतो. तो धरून ठेवायला कान असलेल्या खास चकत्या येतात. ते कान चिमट्याच्या खाचेत नीट बसले पाहिजेत. साधे वायसर टाकून काम भागवलंत तर नट सैल होईल आणि गिअर भलतीकडे जाईल.

जुना हब घेऊ की नवा?

दोन्ही चालतात. स्टर्मी-आर्चरचा मूळ कारखाना इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला, रॅलेच्याच गावात. २००० साली तो व्यवसाय तैवानच्या सनरेसकडे गेला आणि तीन गिअरचे हब तिथे अजूनही बनतात. शिमानोचा नेक्सस तीन गिअरवालाही चांगला, त्याचे आकडे ०.७३, १ आणि १.३६.

जुन्या एडब्ल्यूच्या अंगावर साल आणि महिना ठोकलेला असतो. ६६ ४ असं दिसलं तर एप्रिल १९६६. पन्नास-साठ वर्षांचा हब म्हणून घाबरू नका. रॉकेलने धुऊन तेल पाजलं की बहुतेक वेळा नव्यासारखे फिरतात. फक्त घेताना त्याचे नट, कानाच्या चकत्या आणि उजव्या बाजूची, केबलने ओढली जाणारी बारीक साखळी सोबत आहे ना ते बघून घ्या. त्या एक्सलचे आटे आपल्या नेहमीच्या नटांना बसत नाहीत, आणि एक नट हरवला तर अख्खा हब पडून राहतो. नातेवाईक इंग्लंडमध्ये असतील तर त्यांना सांगून ठेवा. तिकडे जुन्या बाजारात हे हब सहज दिसतात, वजन किलोभर, बॅगेत येतं.

एक्सलची लांबी कोणती?

जुना एडब्ल्यू पावणेसहा आणि सव्वासहा इंच अशा दोन लांब्यांत मिळतो. आपल्याला लांब हवा. आपल्या सायकलीत मागच्या एक्सलवर मडगार्डच्या तारा, कॅरियर, स्टँड आणि चेनकव्हरची पट्टी इतकं सगळं अडकवलेलं असतं. आखूड एक्सलवर एवढं ओवल्यावर नटाला दोन-तीनच आटे उरतात. ते धोक्याचं आहे.

मेकॅनिक म्हणतो रिमला भोकं जास्त आहेत. म्हणजे?

तो बरोबर सांगतोय आणि त्याचं ऐका. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तीच पद्धत उचलली. बाजारात मिळणारे बहुतेक गिअरचे हब मात्र ३६ भोकांचे. मी पहिला हब घेतला तो असाच ३६ चा निघाला आणि तीन महिने कपाटात पडून होता.

चार भोकं मोकळी सोडून चाक विणून देणारे कारागीर आहेत. आऱ्यांचा ताण सारखा राहत नाही आणि दर महिन्याला आउट काढत बसावं लागतं, म्हणून मी ते करणार नाही. सरळ मार्ग दोन. पहिला, इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेला ४० भोकांचा जुना एडब्ल्यू शोधायचा आणि आपलं मूळ रिम ठेवायचं. मी शेवटी हेच केलं, आणि शोधायला लागलेला वेळ सार्थकी लागला. दुसरा, ३६ भोकांचं नवं रिम घ्यायचं. पण मग ब्रेकचा प्रश्न येतो, तो पुढे.

दोन्हींत जुने आरे चालणार नाहीत. हबची कड वेगळ्या मापाची असते, म्हणून आऱ्यांची लांबी नव्याने काढावी लागते.

रॉडचे ब्रेक राहतील का?

मूळ रिम राहिलं तर राहतील. रॉडच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडून वर दाबतात, आणि त्यासाठी रिमला तशीच गोलाई लागते. अठ्ठावीस बाय दीडच्या टायरचं रिम ६३५ मिलिमीटरचं. हल्लीचं ॲल्युमिनियमचं ७०० सी रिम ६२२ चं, कडा सपाट. म्हणजे ब्रेकची जागा साडेसहा मिलिमीटरने चुकते आणि दाबायला गोलाईही नाही. तिथे रॉड निरुपयोगी.

रिम बदलणारच असाल तर हबमध्येच ड्रम ब्रेक असलेली जोडी घ्या. पुढे साधा ड्रम, मागे तीन गिअरसह ड्रम, दोन्ही स्टर्मी-आर्चर बनवते. ब्रेक हबच्या आत बंद असल्याने धो धो पावसात तसाच लागतो, आणि ओल्या लोखंडी रिमवर रॉडचा ब्रेक दाबून ज्यांनी देवाचं नाव घेतलंय त्यांना याची किंमत सांगायला नको. यात हँडलची मूठ आणि रॉड निघून केबल येते, तेव्हा रूप बदलतं. निवड तुमची.

चिमटा ताणून रुंद केला तर चालतं ना? लोखंडच आहे.

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण नुकसान इथेच होतं.

लोखंडी फ्रेम थंड असतानाच वाकवून जागा वाढवता येते, हे खरं आहे. ॲल्युमिनियम किंवा कार्बनला असं कधीच करायचं नाही. १२६ ची फ्रेम १३० करायची तर बाजूला दोन-दोन मिलिमीटर जातात, त्याला फारसं काही करावंही लागत नाही, चाक घालताना हाताने उघडतं. गिअरचा हब काळ्या सायकलीत बसवतानाही काही मिलिमीटरच कमी पडतात आणि एखादं वायसर इकडे तिकडे केलं की काम होतं.

पण ११० चं १३० म्हणजे बाजूला दहा-दहा मिलिमीटर. आमच्या ओळखीतल्या एका हिंद सायकलचं असं झालं. सात गिअर हवे होते म्हणून मधे लांब बोल्ट घालून नटांनी चिमटा फाकवला. दोन्ही नळ्या सारख्या वाकत नाहीत, जी जरा नरम असते तीच जास्त जाते. तिचंही तेच झालं. चाक एका बाजूला गेलं, मडगार्डचा पूल झाळला होता तिथे चीर पडली, आणि वेल्डिंग करताना रंगही गेला. सत्तर वर्षं टिकलेली फ्रेम एका दुपारीत गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

फ्रेम सरळ आहे का ते घरी तपासता येतं. मागच्या एका खाचेला दोरा बांधा, तो ताणून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. फरक असेल तर नळी ज्या बाजूच्या दोऱ्याला जवळ आहे, ती बाजू आत आलेली आहे. जुनी सायकल विकत घेतानाही खिशात दोरा ठेवा.

पायडलचा क्रँक काढावा लागतो का?

हबसाठी नाही. पण बाहेर काढलीच आहे तर बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पायडलच्या एक्सलचे, छर्रे बदलून घ्या. क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली पोकळ लोखंडी नळीचा भक्कम आधार द्या, नाहीतर सगळा मार छर्ऱ्यांच्या वाटीवर जातो. नव्या पिनचा सपाट भाग थोडा कानसून बसवावा लागतो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. आणि मूळ नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे तिचे स्वतःचे, इंचाला २६. इतरांचे २४. बाजारातली वाटी जोर लावून बसवू नका.

केबल कशी लावायची?

हँडलवर गिअर बदलायचा खटका, फ्रेमच्या वरच्या दांडीवर एक आधाराची पट्टी, सीटच्या नळीवर लहान कप्पी, तिथून हबकडे. सगळं पट्ट्यांनी आवळलेलं, एकही भोक नाही. लावताना रंगावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा.

ॲडजस्ट करताना खटका दुसऱ्या गिअरवर आणा. उजव्या नटाला एक खिडकी असते. तिच्यातून दिसणाऱ्या, साखळीला जोडलेल्या बारीक दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आला पाहिजे. मागेपुढे असेल तर साखळीजवळचं, केबलच्या टोकाचं फिरवायचं नळकांडं फिरवा.

हे दर महिन्याला बघाच. जुन्या एडब्ल्यूत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा असते. केबल सैल असेल तर चढावर उभं राहून टांग मारताना पायडल एकदम मोकळं सुटतं आणि माणूस दांडीवर आदळतो. नव्या हबांत ही रिकामी जागा काढून टाकली आहे. जुना लावलात तर केबल ठीक आहे याची खात्री होईपर्यंत उभं राहून चालवू नका.

तेल कोणतं?

हबवर टोपणाचं छिद्र असेल तर महिन्याला चमचाभर हलकं इंजिन ऑइल. ग्रीस आत भरू नका, हबच्या आतले छोटे खटके चिकटतात आणि गिअर घसरतो. खोबरेल अजिबात नको. पुण्याच्या थंडीत ते गोठतं आणि सकाळी सायकल गिअरच बदलत नाही. नव्या हबांना छिद्र नसतं, ते उघडून साफ करायचे.

गल्लीतल्या मेकॅनिकला जमेल का?

चाक विणणं आणि आउट काढणं आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकइतकं चांगलं कोणी करत नाही. हब उघडणं त्याने केलेलं नसेल, पण त्याची गरजही क्वचितच पडते. त्याला चाक द्या, केबल स्वतः लावा. आणि तो काम करत असताना शेजारी बसा, खूप शिकायला मिळतं.

माझ्याकडे परदेशातली जुनी दहा गिअरची सायकल आहे, तिचं काय?

तिचा हिशोब वेगळा. पुढे दोन आणि मागे पाच चक्रं म्हणून दहा गिअर, आणि मागची जागा १२०; मागे सहा असतील तर १२६. त्याच जागेत १४ ते २८ दात्यांचं नवं फ्रीव्हील बसतं आणि साध्या, ठरावीक जागी खटक्याने न थांबणाऱ्या जुन्या लीव्हरवर ते छान चालतं, कारण तिथे गिअर कुठे थांबवायचा ते तुमचा हात ठरवतो. एवढंच जपा की जुन्या फ्रेंच हबचे आटे ३४.७ मिलिमीटरचे, इंग्रजी पद्धतीपेक्षा किंचित बारीक. इंग्रजी फ्रीव्हील त्यावर फिरवत गेलं तर बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या चढाला सुटतं.

हबमधून टिकटिक येते. बिघडला का?

नाही. एडब्ल्यू दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये टिकटिकतो, पहिल्यात गप्प असतो. मी दिवे घाटात खटक्याकडे बघतही नाही, आवाज थांबला की पहिला पडला हे कळतं. पहिल्यातही टिकटिक येत राहिली तर मात्र केबल बघा, हबमधली बारीक दांडी पूर्ण ओढली जात नाहीये.